घेवड्याचं डोकं

"अहो, ओतूरला चाललाय तर येताना डोकेदुखीच्या गोळ्या आणा. जरा जास्तच आणा. घेवड्याला द्यायच्यात."

गाडीला किक मारायला उचललेला पाय सयाजीनं तसाच हवेत धरला. त्यानं आधी बायकोकडं पाहिलं, मग घरामागच्या वावरातल्या घेवड्याकडं.

"घेवड्याचं डोकं दुखतंय?"

"दुखत नाही. तांबेरा पडलाय."

"मग तांबेऱ्याचं औषध आणतो की!"

"औषध रोगाला मारायला. गोळी झाडाला शहाणं करायला," इंद्रायणी म्हणाली. तिच्या कडेवरच्या श्रेयानं आईचं मंगळसूत्र तोंडात घातलं होतं. ते सोडवता सोडवता तिनं नवऱ्याला सगळं समजावलं.

ओतूरच्या महिला मेळाव्यात पुण्याहून एक बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, झाडाला डॉक्टर नसतो, ते आपलं आपणच लढतं. बुरशी आली की अंगातल्या अंगात एक रस तयार करून सगळ्या पानांना सावध करतं. डोकेदुखीच्या गोळीत जे असतं ते त्या रसाच्या भावकीतलंच. ती गोळी भरपूर पाण्यात विरघळवून पानांवर हलकी फवारली, तर झाडाला वाटतं शत्रू आला, आणि ते आधीच कंबर कसून बसतं. एका म्हातारीला काही हे उमगेना. तेव्हा बाईंनी विचारलं, "वस्तीवर बिबट्या आल्याची आवई उठली की काय करता?" म्हातारी म्हणाली, "दारं लावतो, शेरडं आत घेतो, काठ्या घिऊन बसतो." "आणि बिबट्या नसलाच तर?" "नसला तर नसला. पर आला आस्ता तर फजिती त्याची व्हती!" बाई म्हणाल्या, "हेच ते. ही गोळी म्हणजे झाडाला दिलेली खोटी आवई."

इंद्रायणीला ते एकदम पटलं. श्रेयाला लस टोचल्यावर लेकरू रात्रभर तापानं फणफणलं होतं आणि ती पोरीला छातीशी धरून रडत बसली होती. तेव्हा नर्सबाई हसून म्हणाल्या होत्या, "ताप आला ना? म्हणजे अंग कामाला लागलं." तेव्हापासून तिला वाटायचं, जिवाला जपायचं म्हणजे नुसतं पदराखाली झाकायचं नव्हे, त्याला थोडं भ्यायलाही शिकवायचं.

सयाजी बायकोचं ऐकणारा होता. पण ऐकतो हे गावाला कळू न देणारा होता. सगळं रामायण तिथं झालं.

माणिकचंदशेठच्या दुकानात गर्दी होती. सयाजी हळूच म्हणाला, "शेठ, डोकेदुखीच्या गोळ्या द्या."

"किती पाकिटं?"

"डबाच द्या."

तागडीत साखर ओतणारा शेठचा हात थांबला. "सयाजीराव, डबा? कुणाला एवढ्या?"

घेवड्याला, असं म्हटलं असतं तर दुकानातली माणसं पोटं धरून लोळली असती आणि पुढची दोन वर्षं गावानं त्याला 'डॉक्टर घेवडे' म्हणून हाक मारली असती. सयाजी म्हणाला, "घरी लागत्यात."

"वहिनींना त्रास आहे का?"

"तिला... आईला बी. बहिणीला बी. समद्यांनाच."

माणिकचंद मनानं हळवा माणूस. त्यानं डबा दिला, वर बामची एक बाटली स्वतःकडून घातली आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "घरात शांतता ठेवा, भाऊ. गोळीनं नाही, शांततेनं उतरतं."

इकडं इंद्रायणीनं गोळ्या पाट्यावर कुटल्या, पिंपात विरघळवल्या, फडक्यानं गाळून पंपात भरल्या. सगळा डबा एका वेळी नव्हे, बाईंनी सांगितलं होतं तसं दिवसाआड, हलक्या हातानं. श्रेया झोळीत झोपली की ती वावरात जायची. पहिल्या फवारणीनंतर वेल थोडे मलूल दिसले, तेव्हा तिनं पान हळूच उलटून विचारलं, "ताप आला का रे?" साळुबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, ते ओट्यावरून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. त्यांनी पहिल्याच दिवशी आंबट ताकाचा शिपका सुचवला होता. त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं.

त्या आठवड्यात साळुबाईंना काळजी वेगळीच होती. वैजयंताला, त्यांच्या धाकट्या लेकीला, घोडेगावकडचं स्थळ चालून आलं होतं. मुलगा दूध संघात नोकरीला होता. वैजूनं त्याला मामाच्या लग्नात पंगतीत वाढताना पाहिलं होतं. त्यानं तिच्या पानात न मागता दोनदा मठ्ठा वाढला होता. तेव्हापासून वैजू मठ्ठ्याचं नाव निघालं तरी लाजायची. रविवारी मुलाचे आईवडील घर बघायला येणार होते आणि त्यांना घर पसंत पडलं की काम फत्ते.

शुक्रवारी शेजारची सोनीबाई विरजण मागायला आली आणि दारातच म्हणाली, "का गं साळुबाई, तुमच्यात समद्यांची डोकी उठल्यात म्हनं?"

"कुणी सांगितलं?"

"आख्ख्या ओतूरला ठावं हाय. डब्यानं गोळ्या खाता म्हनं. कोन म्हनतं सुनंनं उठवली, कोन म्हनतं तुमच्या खानदानातच हाय. काल यष्टीत घोडेगावची एक बाई बी इचारत व्हती." विरजण घेऊन जाता जाता ती म्हणाली, "आता वैजीचं कसं व्हायचं गं?"

सोनीबाई गेली. वैजू आत जाऊन उतरंडीमागं रडायला बसली. साळुबाईंनी सयाजीला बोलावलं, सयाजीनं दुकानातलं खरं खरं सांगितलं आणि मग साळुबाईंची नजर फिरत फिरत इंद्रायणीवर येऊन थांबली.

"इंद्रे, तुझ्या घेवड्यापायी माझी पोर घरात ऱ्हायली तर तुला जलमात माफ करायची न्हाई."

इंद्रायणीला सासूच्या रागापेक्षा उतरंडीमागचे हुंदके जास्त लागत होते. लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा पहिल्या रात्री ती माहेरच्या आठवणीनं रडत असताना वैजूच तिच्याजवळ येऊन बसली होती.

"ऐका समदी," साळुबाईंनी हुकूम सोडला. "रविवारी पावण्यांम्होरं डोकं ह्यो शबुद कुणाच्या तोंडातनं निघाया नको. आपल्यात कुणालाच डोकं न्हाई आसं समजून वागायचं!"

रविवारी जीप दारात थांबली. मुलाचे वडील सावळेराम पुढून उतरले, त्यांची बायको गोजरबाई मागून. सावळेराम मोठ्या आवाजाचा, मोकळा माणूस. गोजरबाई मात्र ओठ घट्ट मिटून, डोळे बारीक करून घरभर पाहत होत्या. साळुबाईंना वाटलं, बाई आल्या आल्या तपासायला लागली!

"आमच्या घरात," चहाची बशी फुंकत सावळेराम म्हणाले, "औषध म्हनून येत न्हाई बगा. ही आमची मंडळी, लगीन झाल्यापासनं एक दिस आंथरुन धरलं न्हाई. डोकं कशाला म्हनत्यात ते ठावं न्हाई हिला!"

बैठकीत सगळे एकदम ताठ झाले.

"आमच्यात बी न्हाई ठावं," सयाजी घाईनं म्हणाला.

"न्हाई ठावं! आजिबात न्हाई!" साळुबाई म्हणाल्या. तेवढ्यात वैजू पोहे घेऊन आली. तिचा पदर घसरला होता. "वैजे, पदर घे गं... वरती... त्या... मानंच्या वर!"

सावळेरामांनी नवलानं पाहिलं. मानेच्या वर काय असतं ते त्यांना माहीत होतं, पण या घरात त्याचं नाव का घेत नाहीत ते कळेना.

गोजरबाई उठल्या. "जरा चूल बगते," म्हणून आत आल्या. इंद्रायणी भजी तळत होती. गोजरबाईंनी दार लोटलं आणि तिचा हात घट्ट धरला.

"पोरी, एक गोळी दे."

"कसली, मावशी?"

"डोक्याची गं! कपाळ फुटायला लागलंय माझं. जीपमदी तर ठणका लागला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझ्या लग्नात माझ्या बापानं सबूद दिलता, पोरीला कसलं दुखनं न्हाई म्हनून. तवाधरनं बापाचा सबूद राखतीया मी. घरात गोळी दिसली तर धनी इचारत्याल. यष्टीत तुमच्या घराचं ऐकलं आन् म्हनलं, गोजरे, हेच घर! हितली पोरगी आली की मला बी चोरून एकेक मिळंल."

इंद्रायणीच्या हातातला झारा कढईतच राहिला. म्हणजे ज्या आवईला घर घाबरत होतं, तिच्याच जोरावर लग्न जुळत होतं! तिनं फडताळ उघडलं, डबा काढला, उलटा केला. डबा रिकामा होता. शेवटच्या गोळ्या कालच पंपात गेल्या होत्या.

"मावशी... संपल्या."

"डबा संपला? येका आठवड्यात?"

"आम्ही कुणी नाही खाल्ल्या," इंद्रायणी गोंधळून खरं बोलून गेली. "सगळ्या आमच्या घेवड्याला लागल्या."

गोजरबाई थबकल्या. त्यांच्या आळीत एका पोराला भोपळ्या म्हणायचे. त्यांनी आवाज खाली आणला. "लई आजारी हाय का?"

"हो ना. अंगभर तांबडे ठिपके उठलेत."

"दिसला न्हाई कुठं?"

"मागं असतो. विहिरीपाशी."

"घरात न्हाई घेत?"

इंद्रायणीला हसू आलं. "घरात कसा मावणार, मावशी? माझ्याहून उंच झालाय. काठ्या रोवून सुतळीनं बांधून ठेवलाय. मोकळा सोडला तर हाताला येईल त्याला विळखा घालतो."

"अगं आई!" गोजरबाई भिंतीला टेकल्या. "मग आता... फुडं काय करनार त्याचं?"

"परवा तोडणार. कोवळा आहे तोवरच तोडलेला बरा."

गोजरबाई ज्या वेगानं बाहेर आल्या, त्या वेगानं त्या लग्न झाल्यापासून चालल्या नसाव्यात. "धनी, उठा! गाडीत बसा!"

"आगं, पोहे तरी..."

"पोहे ऱ्हाऊंद्या! ह्यांनी आजारी मानूस काठीला बांधून ठिवलाय! परवा तोडनार हायती त्याला!"

सावळेरामांच्या हातातली बशी खाली पडली. साळुबाई "काय?" म्हणून किंचाळल्या. सयाजीनं आपल्या घरात असं कोण आहे ते मनातल्या मनात मोजून पाहिलं. आणि दारामागून वैजू भोकाड पसरून बाहेर आली, "वहिनी, काय सांगितलंस गं त्यांला!"

"घेवडा!" इंद्रायणी दोन्ही हात वर करून ओरडली. "मावशी, घेवडा! भाजीचा घेवडा!"

मग ती श्रेयाला कडेवर टाकून चालू लागली आणि तिच्या मागं सगळी वरात विहिरीपाशी आली. काठ्यांवर, सुतळीला विळखे घालत, घेवडा डोक्याच्या वर गेला होता. शेंगा लटकत होत्या.

गोजरबाईंनी एक शेंग हातात धरली. ती माणसाची नाही याची खात्री करून घेतली आणि मग तोंडाला पदर लावून अशा हसायला लागल्या की हसता हसता "आई गं, डोकं!" म्हणून खालीच बसल्या. साळुबाईही शेजारी बसल्या आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर कपाळ टेकून हसल्या.

सावळेरामांचं हसण्याकडं लक्षच नव्हतं. ते पानं उलटून पाहत होते. जुन्या पानांवर तांबेरा होता. वरची नवी पानं लख्ख होती. गोळीनं म्हणा, आठवडाभर पडलेल्या उन्हानं म्हणा.

"आयला! माझा समदा घेवडा खाल्ला तांबेऱ्यानं. सूनबाई, काय घातलं म्हनालात?"

इंद्रायणीनं आवईची गोष्ट पुन्हा सांगितली, बिबट्यासकट. सावळेरामांनी मांडीवर थाप मारली. "जाताना ओतूरला गोळ्या घेतो! किती लागत्याल?"

इंद्रायणीनं गोजरबाईंकडं पाहिलं. गोजरबाई आभाळाकडं पाहत होत्या.

"दोन डबे घ्या, मामा," इंद्रायणी म्हणाली. "घरात असू द्यावेत. घेवड्याला कधी लागतील सांगता येत नाही."

"घ्या की धनी," गोजरबाई म्हणाल्या, "घेवडा लई हाय आपला." आणि त्यांनी वैजूला जवळ ओढून तिच्या पदराला शेंग बांधली. "पोरगी पसंत हाय. पर तिच्या वहिनीनं म्हैन्यातनं येकदा यायचं. घेवडा तपासायला."

मंगळवारी सयाजी ओतूरहून परत आला तो मान खाली घालून. साळुबाई लग्नाचे पापड लाटत होत्या.

"का रं? काय म्हनला शेठ?"

"काय न्हाई," सयाजी म्हणाला. "म्हनला, घोडेगावचे पावणे तुमच्याकडनं थेट दुकानात आले. चांगली धडधाकट मानसं, दोन तास बसली आसतील तुमच्यात. जाताना दोन डबे गोळ्या घिऊन गेली. शेठ सगळ्यांना सांगतोय, त्या घरात शांततेची लई गरज हाय."

साळुबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. त्यांनी डोळे मिटले, कपाळ दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि बारीक आवाजात म्हणाल्या,

"इंद्रे, येक गोळी दे गं."

इंद्रायणीनं मागच्या दारातून वावराकडं पाहिलं. घेवडा वाऱ्यावर मजेत डुलत होता.