टाकीत कीड

"मावशी, धावा! टाकीला कीड लागलीय!"

दातांच्या डॉक्टरांची ही हाक दवाखानाभर घुमली आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात झाली. डॉक्टर म्हणत होते ती बाहेरच्या खोलीतली, खाऱ्या पाण्याची, माशांची टाकी. आत खुर्चीवर चूळ भरत बसलेल्या शिंपीबुवांना मात्र टाकी म्हटल्यावर गच्चीवरचीच आठवली. त्यांनी तोंडातलं पाणी भस्सकन टाकलं, गळ्यातल्या रुमालासकट बाहेर आले आणि बाकावरच्या तिघांना म्हणाले, "उठा! ह्यांच्या पाण्यात किडे निघालेत!" क्षणात चौघंही जिन्याने पसार.

डॉक्टरांना त्याची शुद्ध नव्हती. टाकी बाबांची होती! बाबा म्हणजे त्यांचे वडील, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेले. आठ दिवस लेकीकडे जाताना त्यांनी टाकी मुलाच्या हवाली केली, तीही नाइलाजाने. लहानपणी ह्याच मुलाने त्यांचं गजराचं घड्याळ खोलून वाट लावली होती. तेव्हा गेलेला विश्वास परत मिळवायची पंचेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांना ही एकच संधी मिळाली होती. बाबा चार वाजता यायचे होते आणि अडीच वाजून गेले होते.

खडकाच्या फटीतून वीतभर लांब, गुलाबी, असंख्य पायांचं काहीतरी बाहेर आलं होतं. दोन्ही कडांना पांढऱ्या केसांचे झुपके. आणि त्याच्या पुढ्यातच बाबांचा लाडका नारिंगी मासा खुशाल डुलत होता.

"अगं बाई! गिळेल हो हा किडा माशाला!" मावशी म्हणाल्या. औजारं उकळण्यापासून पेशंटला धीर देण्यापर्यंत दवाखान्यातलं सगळं मावशींकडे असे, पण आता त्यांचाच धीर सुटला होता.

"कीड काढायची ती मुळासकट," म्हणत डॉक्टरांनी बाही सरसावून हात घातला. "आई गं!"

"काय झालं?"

"काही नाही. मुंगी चावल्यासारखं झालं."

हे वाक्य ते रोज पेशंटला इंजेक्शन देताना म्हणत. त्यातली मुंगी केवढी असते ते त्यांना आज कळलं. बोटांत काचेसारखे बारीक केस रुतले होते. मग त्यांनी डाव्या हाताने दाढ उपटायचा चिमटा चालवला. किड्याचे दोन तुकडे झाले आणि दोन्ही दोन वेगळ्या फटींत शिरले.

"आता दोन झाले," मावशी म्हणाल्या. "अहो, झुरळासारखं असेल त्याचं. अंधार केला की येईल बाहेर."

त्यांनी खिडकीचा जाड पडदा काढून टाकीवर टाकला आणि उजेड मंद व्हावा म्हणून टॉर्चवर लाल रुमाल गुंडाळला. तेवढ्यात अर्धी कोरलेली दाढ धरून शिंपीबुवा परत आले. "माझं तोंड उघडं टाकून काय लपवाछपवी चाललीय?" म्हणत त्यांनीही पडद्यात डोकं घातलं.

आधी काहीच दिसलं नाही. मग एका फटीतून एक आला, दुसरीतून दोन, आणि बघता बघता सगळा खडकच जागा झाला. गुलाबी, शेंदरी, अंगावर निळसर मोतिया झाक! पायांची लाट डोक्यापासून शेपटीपर्यंत अशी सरकत होती की शिंपीबुवा दाढ विसरले. "काय शिलाई आहे!" ते पुटपुटले. "एक टाका चुकत नाही."

मासा इंचभर अंतरावर झोपला होता, त्याला कोणी हुंगलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी मायेपोटी आठ दिवस दुप्पट खाणं घातलं होतं. ते उरून तळाशी कुजलं होतं आणि ही सेना ते कणाकणाने वेचत होती. परवा मेलेली गोगलगाय डॉक्टरांना शोधून सापडली नव्हती; ती ह्यांनी शंखापर्यंत चाटूनपुसून साफ केली होती. आठ दिवस टाकी आपण सांभाळतोय असं डॉक्टर समजत होते!

"पडद्यात तिघं काय करताय?"

डॉक्टर दचकले. दारात बाबा उभे होते, हातात पिशवी, लवकरच आलेले.

"बाबा, मी... एक किडा तोडला. मला वाटलं, तुमचा मासा खाईल."

बाबांनी पडद्यात डोकावून पाहिलं. "झुपके पांढरे आहेत ना? मग आपलेच ते, मीच ठेवलेत. लाल असते तर गोष्ट वेगळी. तुटलेल्याला फुटेल शेपूट परत. हात दाखव. हातानं धरलास?"

डॉक्टरांनी मान खाली घातली.

"मीही धरला होता, पहिल्या वर्षी. बस खुर्चीत."

मावशींनी डॉक्टरांच्या गळ्यात रुमाल बांधला आणि शिंपीबुवांनी आनंदाने दिवा ओढून धरला. बाबांनी पिशवीतून घड्याळाचा चिमटा काढला, डोळ्याला भिंग लावलं.

"बाबा, पुन्हा कधी टाकी देणार नाही ना माझ्याकडे?"

"का नाही? अरे, घड्याळ मोडलंस म्हणून नव्हतो मी रागावलो. मोडून पलंगाखाली लपवलंस म्हणून. आज आपणहून सांगितलंस."

डॉक्टरांचे डोळे भरून आले. चिमटा बोटाजवळ आला तसा त्यांनी हात किंचित मागे घेतला. "दुखेल का हो?"

"छे रे," बाबांनी हात घट्ट धरला, "मुंगी चावल्यासारखं होईल."