मखमलमास्तरांचा मंजूर वस्तरा

सरकारने तपासून मंजूर केलेल्या वस्तूमुळे माणसाला इजा होऊ शकत नाही, हे सत्य सुधारलेल्या जगात आता सर्वमान्य झाले आहे. इजा होते ती माणसाच्या आडमुठेपणामुळे. वस्तू तपासलेली असते. माणसाला मात्र कोणीही तपासून मंजूर केलेले नसते.

चौकातल्या सलूनवाल्याला हे जरा उशिरा कळले. त्याचा हात इतका हलका, की वस्तरा फिरत असतानाच गिऱ्हाईक घोरू लागे. म्हणून सगळे त्याला मखमलमास्तर म्हणत. बायकोसुद्धा म्हणे, पण फक्त भांडणात.

मास्तरांच्या छातीत जेवणानंतर जळजळ होई. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. गोळी रीतसर मंजूर होती. चाचणीत शेवटपर्यंत टिकलेले सर्वच्या सर्व लोक तिच्यावर समाधानी होते (जे मध्येच सोडून गेले, त्यांना समाधान विचारण्याची तरतूद नव्हती). मास्तरांची जळजळ खरोखरच थांबली. नंतर हात थरथरू लागला.

आधी कप बशीत वाजायला लागला, मग हातातला कंगवा. आणि एका सकाळी मुख्याध्यापक डोळे मिटून निवांत बसलेले असताना वस्तरा त्यांच्या कानाच्या पाळीवरून गेला.

"अहो मास्तर, हे काय!"

"हात घसरला हो, गुरुजी. आजवर कधी असं..."

गुरुजी कानाला टॉवेल धरून तडक उठले. ते गेले ते थेट वकिलाकडे.

त्या दिवशी मास्तरांनी दुकान लवकर बंद केले. घरी बायकोने त्यांच्या हनुवटीवरचे खुंट पाहिले आणि त्यांना खुर्चीत बसवून फेस लावला. दुसऱ्याच्या हातून दाढी करून घेण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आले.

"फेस गेला डोळ्यात," ते म्हणाले.

"गेला असेल," बायको म्हणाली. फेस गालापर्यंतच होता.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"थरथर? या गोळीने नाही होत," डॉक्टर म्हणाले.

"होतेय की! हे बघा ना."

"दिसतंय मला. पण या गोळीचे मंजूर त्रास तीनच. मळमळ, चक्कर, तोंडाला कोरड. यातलं काही होतंय?"

"नाही."

"मग गोळी तुम्हाला छान मानवली म्हणायची!"

मास्तरांनी गोळी बंद केली. थरथर थांबली नाही. तेव्हा त्यांनी गोळी बनवणाऱ्या कंपनीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांवर दावा लावला.

न्यायालयात सर्वांचे वागणे अत्यंत सभ्य होते. कंपनीच्या वकिलांनी सांगितले की, थरथरीची कुणकुण कंपनीला लागलेली होती; परंतु वेष्टनावरचा मजकूर मंजूर असल्यामुळे त्यात एक शब्द वाढवणे हा सरकारचा अवमान झाला असता. सरकारतर्फे सांगण्यात आले की, सरकार गोळ्या बनवत नाही, केवळ मंजूर करते. औषधवाल्याने पाकीट फोडले नव्हते. डॉक्टरांनी मंजूर गोळीच लिहिली होती. न्यायाधीशांनी सर्वांच्या शिस्तीचे कौतुक केले. मग त्यांनी निकाल दिला की, या संपूर्ण साखळीत मंजुरीशिवाय झालेले कृत्य एकच आहे, ते म्हणजे गोळी गिळणे. आणि ते वादीने स्वतःच्या तोंडाने केलेले आहे. दावा फेटाळण्यात आला.

जेवणाच्या सुट्टीनंतर, त्याच न्यायाधीशांपुढे गुरुजींच्या कानाचा दावा निघाला.

"तुमच्या दुकानाला कोणाची मंजुरी?"

"कोणाची नाही, साहेब. लोकांचा विश्वास होता."

"म्हणजे नाही. मग जबाबदारी संपूर्ण तुमची."

मास्तर पायऱ्या उतरताना मान खाली घालून चालले होते. बायको मात्र विचारात पडली होती.

"अहो, आपलं काय चुकलं कळलं का?"

"मी गुरुजींना कापलं."

"छे! ते कुठे चुकलं? मंजुरी न घेता कापलंत, ते चुकलं."

तिने खटपट केली, खेटे घातले, आणि एक दिवस तपासनीस दुकानात आला. त्याने दोन खुर्च्यांमधले अंतर मोजले. टॉवेल नाकाशी धरले. आरशावर बोट फिरवून बोटाकडे पाहिले. मास्तर प्रामाणिक माणूस. त्यांनी हात पुढे केला.

"साहेब, हा बघायला हवा. हा थरथरतो."

"हातासाठी रकाना नाही," तपासनीस म्हणाला. "आणि तो जरा खिशात ठेवा. आरसा हलल्यासारखा वाटतोय."

आठवड्याभरात दारावर 'शासनमान्य' अशी पाटी लागली. तुटलेली गिऱ्हाइके परतली, नवी आली, बाकड्यावर जागा पुरेना. कापण्याचे प्रकार तर पूर्णपणे थांबले (पूर्वी ज्याला कापणे म्हणत, त्याला आता 'वस्तऱ्याचा अपेक्षित स्पर्श' म्हणतात). एकाने तक्रार केली. मंजूर दुकानात आपल्या पायांनी जाऊन बसल्याबद्दल त्यालाच समज देण्यात आली. चौकातल्या पुरुषांपैकी निम्म्यांच्या गालांवर आता पट्ट्या दिसतात, आणि उरलेले निम्मे त्यांना विचारतात, कुठे करता हो दाढी, बरी गर्दी असते तिथे!

मास्तरांना मात्र चैन पडेना. रात्री ते कूस बदलत राहत. एकदा म्हणाले, "पाटी काढून टाकतो."

"आणि खायचं काय?"

पाटी तशीच राहिली. मग त्यांनी मनाशी एक ठरवले. दर गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधल्यावर ते त्याच्या कानाशी वाकून सांगू लागले, "माझा हात थरथरतो हो. अजून उठता येईल तुम्हाला."

आजवर कोणी उठलेले नाही. गिऱ्हाईक आधी त्या हाताकडे पाहते, मग दारावरच्या पाटीकडे, आणि मास्तरांची समजूत घालते, "अहो, तुमच्या मनाचे खेळ आहेत. सरकार काय उगाच मंजुरी देतं होय?"

हे वाचताना तुम्ही त्या गिऱ्हाइकाला हसलात. हसा. तुमचीही पाळी येईल, खुर्ची रिकामी होईल, आत शिरताना तुम्ही पाटीच वाचाल. मास्तर तुमच्या कानाशी वाकतील, आणि तुम्ही म्हणाल, "चालू द्या."

फक्त तेव्हा हसू नका. हसताना मान हलते, आणि मान तुमची आहे. ती कोणीही मंजूर केलेली नाही.