बार्नबीची आपसी बदली

हेस्टर प्रिंगलबाईंच्या ऐतिहासिक कादंबरीतल्या शिपायाने त्यांच्याच विनोदी कादंबरीत बदली मागितली, तेव्हा बाई पावाला लोणी लावत होत्या.

इंग्लंडातल्या त्या ओलसर गावात बाई सकाळी रोमन सैन्याच्या रडवणाऱ्या कादंबऱ्या लिहीत आणि दुपारी ड्रॅगनच्या हसवणाऱ्या. बारा वाजले की सकाळची पात्रं निमूट घरी जात. गेयस शिपाई तेवढा आज गेला नाही.

"बाई, उद्या शेवटचं प्रकरण. पुलावर मी मरणार," तो म्हणाला. "घरी बायको आहे. तुम्हीच दिलीत."

बाईंनी लोण्याची सुरी खाली ठेवली. पण नियम म्हणजे नियम.

"इतिहासात पुलावर एक शिपाई मेलाय, गेयस. जागा रिकामी ठेवता येत नाही. आपसी बदलीला कुणी तयार असेल तर बघ."

"मी आहे की!" दारातून आवाज आला.

तो बार्नबी ड्रॅगन. पहिल्या पुस्तकापासून बिचारा शिंकून स्वतःचीच दाढी जाळत आला होता.

"वीट आला हो शिंकण्याचा," तो म्हणाला. "एकदा तरी माझ्यासाठी कुणी रडू दे."

"मरावं लागेल, बार्नबी."

"मध्येच शिंक नाही ना घालणार?"

"नाही."

"मग ठरलं!"

गेयस बायकोचा हात धरून जो धावत सुटला, तो दुपारच्या कादंबरीत पहिल्याच पानावर खिरीच्या पातेल्यात पडला. नवराबायको हसून हसून बेजार झाली. बार्नबीने गेयसचं शिरस्त्राण चढवलं. भोक पाडून एक शिंग बाहेर काढलं. दुसरं आत दुमडून बसलं.

सकाळी बाई लिहायला बसल्या त्या श्वास रोखूनच. शत्रू पुलावर आला, धूळ उडाली आणि बार्नबीचं नाक हुळहुळलं! बाईंनी शिंक घातली नव्हती. ती सवयीची होती. शिंकला असता तर शत्रू जळाला असता, बार्नबी वाचला असता आणि वाचक खो खो हसले असते.

"शिंक रे बाबा," बाई न राहवून ओरडल्या.

बार्नबीने दोन्ही पंजांनी नाक दाबलं. पूल राखला आणि मेला. बाई ढसाढसा रडल्या.

हस्तलिखित तपासणाऱ्या इतिहासतज्ज्ञांचा आठवड्याने फोन आला. तेही हुंदके देत होते.

"सगळं अचूक आहे, बाई. एकच चूक. त्या काळी शिरस्त्राणाला दोन्ही शिंगांसाठी भोकं असत."

बाईंनी डोळे पुसले आणि दुसरं भोक पाडलं.