सरकारी पाहुण्याची बारी

तपासणीचा साहेब सोमवारी गुंदला येणार, आणि सरकारी पाहुण्याला जेवू घालायची बारी यंदा पारूच्या घराची, असे दोन्ही निरोप नागू गावकाराने एकाच दमात सांगून टाकले. पारूने तोंडाला लावलेली आंबिलीची वाटी खाली ठेवली.

"भावजी, परत एकदा सांगा बघू. त्यो सायब माझ्या घरात काय न्हाई, ते बघाय येणार?"

"व्हय."

"आन् त्येला मी जेवू घालायचं?"

"व्हय."

"कशातनं?"

नागूने खांद्यावरचं कांबळं सारखं केलं. ज्या प्रश्नाला उत्तर नसे त्या प्रश्नाला तो कांबळं सारखं करी, आणि त्या साली त्याचं कांबळं एका जागी म्हणून राहिलं नव्हतं.

पावसाने श्रावणातच आटोपतं घेतलं होतं. भात दाणा भरायच्या आत उभ्या उभ्या वाळलं, आणि त्यातून वाचलेल्या माणसांना तापाच्या साथीने गाठलं. तेव्हा सरकारने दोन दारं उघडली. ज्याचे हातपाय चालतात त्याने अर्ध्या कोसावरच्या नव्या रस्त्यावर माती ओढायची आणि धान्य न्यायचं. ज्याचे चालत नाहीत, अशा आंधळ्यापांगळ्याला घरबसल्या रोजचा अर्धा शेर जोंधळा. त्याला धर्मादाय म्हणत. गुंदच्या वाडीत घरं नऊ आणि यादीत नावं सहा. लखूचा पाय सुपा गावाहून धान्य येण्याच्या दिवशीच का लंगडतो आणि रुक्माची कंबर विहिरीवर गेल्यावर सरळ कशी होते, असले प्रश्न वाडीत कुणी कुणाला विचारत नसे. विचारणाऱ्याचंही नाव यादीतच असे.

पारूची गोष्ट मात्र खरी होती. दोन्ही डोळ्यांवर पडदा चढला होता. समोर माणूस आला की धूर हलल्यासारखं वाटे, एवढंच. नवरा जाऊन तीन वर्षं झाली, पोटी मूल नाही. सरकारचा जोंधळा थांबला तर काय, याचा विचार ती अर्ध्यावर सोडून देई, कारण तो विचार पुढे जाऊन जिथे थांबे तिथे ती स्वतः नसे.

साहेबाची कीर्ती त्याच्या आधी दोन दिवस वाडीत येऊन बसली होती.

"दिग्गीत एकाचं नाव काटलं म्हणं," रुक्मा सांगत आली. "का, तर त्येचं कुत्रं जाड हाय."

"कुत्र्याचा काय संबंध गं?"

"कुत्रं जाड म्हंजे घरात उरतंय! आन् अणशीत एक म्हातारी. तिच्या आढ्याला नवी चटई दिसली. गेली बिचारी यादीतनं." रुक्मा जवळ सरकली. "आक्का, ऐक माझं. बारी मला दे. बदलून घिऊ."

"न्हाई."

"आगं, पर तुझ्याकडं—"

"माझा न्हवरा मेलाय रुक्मा, घर न्हाई मेलं."

ज्या घराने बारी सोडली ते घर बुडालं, असाच वाडीचा हिशेब. मग देवाच्या नारळात वाटा नाही, शिमग्याला दारात खेळ येत नाही. पारूच्या सासूने बाळंतपणाच्या चौथ्या दिवशी उठून बारी केली होती म्हणे, आणि ती गोष्ट सासूने पारूला जन्मभर ऐकवली होती.

शेवटी पारूने सरळ मार्ग काढला. घरात होतं तेच वाढायचं. जोंधळ्याची आंबील आणि उकडलेले करांदे. बारीही होईल, आणि साहेबाला पुरावाही पानातच मिळेल. नागूला हे इतकं पटलं की त्याने कांबळ्याला हातसुद्धा लावला नाही.

पण वाडीला कसं पटावं? साहेब पुढच्या गावात जाऊन काय सांगेल? गुंदवाल्यांनी आंबील पाजून वाटेला लावलं? सोमवारी सकाळी पारू चूल पेटवते आहे तोच रुक्मा पदराखाली काहीतरी घेऊन मागच्या दाराने आली.

"दोन पायल्या तांदूळ हाय. लाल. म्हायेरचं. माझं नाव घिऊ नको."

ती गेली आणि लखू आला. दोन्ही पायांनी नीट चालत आला. काखेत कोंबडा. "आक्का, ह्यो कुणाचा म्हून कुणी इचारलं तर रानातनं आला म्हण." केशरने तुपाचा गडू आणला. म्हादूने तांब्याचा मोठा हंडा आणि सहा पितळी ताटं आणली, शिवाय दाराला बांधायला आंब्याचे टहाळे. यादीतली एक म्हातारी पत्रावळींचा गठ्ठा देऊन गेली. सगळे पारूचा जीव वाचवायला आले होते, चोरून आले होते, आणि जो तो आपण एकटेच आलो असं समजत होता. उन्हं कौलांवर येईतो वाडीतलं सगळ्यांत दरिद्री घर लग्नघरासारखं दिसू लागलं.

नागू आला आणि उंबऱ्यातच खाली बसला.

"वैनी, हे काय केलंसा!"

"मी कुठं केलं? ही समदी आणून टाकून गेली."

"मग ज्याचं त्येला परत करा की!"

"कोंबडा शिजला," पारू म्हणाली.

एवढ्यात ओढ्याकडून साहेबांबरोबरच्या लाडू शिपायाची आरोळी आली. साहेब आले.

यशवंतराव खानापूरकडचे. अंगाने काटकुळे, मिशा मात्र भरघोस. पहाटेपासून तट्टावर बसून रान तुडवत आले होते. आधी तपासणी आणि मग जेवण, हा त्यांचा नियम. वही काखेत घेऊन ते वाकून आत शिरले, आणि आत त्यांना पहिल्यांदा भेटला तो वास. मग हंडा. मग पितळी ताटं. मग तुपाचा गडू.

"बाई, हे सगळं तुमचं?"

पारूने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. माझं म्हणावं तर मी गेले. रुक्माचं म्हणावं तर रुक्मा गेली, लखूचं म्हणावं तर लखू. पाच नावं आणि आपलं एक. आणि बाहेर कुडाला कान लावून पाची जण उभे आहेत हे तिला त्यांच्या श्वासांवरून कळत होतं.

"तुमच्यासाठनं हाय, सायब," ती म्हणाली. "बारी हाय आज."

"ते कळलं. पण आलं कुठून?"

"सायब, गार व्हतंय," नागू मध्येच म्हणाला.

यशवंतरावांनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा हंड्याकडे. नियम कागदावर होता आणि कोंबडा समोर होता. "बरं," ते म्हणाले, "जेवण झाल्यावर बघू."

ते हात धुवायला वळताच नागू पारूच्या कानाशी लागला. "दोन गोष्टी. समदं संपवायचं. येक शीत म्हणून ऱ्हायला नगं. मग बघ म्हणावं घर. आन् दुसरी, सांडा."

"काय?"

"तूप पानाभाईर सांडा. भात मांडीवर वाढा. दिसत न्हाई हे त्येला कळाय नगं व्हय?"

पाहुण्याला एकट्याला जेवू घालायची रीत नव्हती, म्हणून अख्खी वाडी अंगणात पंगतीला बसली. साहेबांच्या शेजारी लाडू शिपाई, समोर वाडीकर. वाढायचं मात्र बारीच्या घरच्या हातानेच. दुसऱ्या कुणी डावाला शिवायचं नाही.

पारूने तुपाची पळी भरली. साहेबांच्या पानावरून ती वीतभर बाजूला नेली, आणि पळी आपली आपण पानावर परत आली. तिने पुन्हा मन घट्ट केलं. पुन्हा तसंच. चाळीस वर्षं त्या अंगणात ती वाढत होती, आणि चाळीस वर्षांत तिने एक शीत भुईवर टाकलं नव्हतं. त्यात हे असलं साल. हाताला कितीही समजावलं तरी हात ऐकेना.

पंगतीतून नागू खोकला. मग जोरात खोकला.

"गावकार, ताप आहे की काय?" यशवंतरावांनी विचारलं.

"न्हाई सायब. ठसका."

सांडणं जमत नाही म्हटल्यावर पारू संपवण्याच्या मागे लागली. डोळ्यांचं काम तिचे कान कधीच करू लागले होते. पत्रावळीवर बोट घासलं की भात संपला, बोट चाटलं की तूप संपलं, हाड पानाच्या कडेला टाकलं की रस्सा वाढायचा. आवाज होईल तिकडे ती जात होती.

"सायब, भात घ्या."

"पुरे पुरे."

"पुरे म्हणून कसं चालंल? रानात हिंडायचं अजून तुमाला. लाडूदादा, तुमचं तूप सरलं."

"बाई, पोट फुटेल."

"दोनच घास. ह्यो माझ्या न्हवऱ्याच्या नावाचा."

मेलेल्या माणसाच्या नावाचा घास कोण नाकारणार? यशवंतरावांनी तो घेतला. मग सासूच्या नावाचा. मग गावदेवाच्या नावाचा. त्यानंतर पारूला आणखी तीन पिढ्या आठवल्या. वाडीकरांनीही माना खाली घालून आपापलं आणलेलं आपापल्या पोटात परत नेलं. शेवटी हंडा खरवडल्याचा आवाज झाला आणि पारूचा जीव भांड्यात पडला.

यशवंतराव खांबाला धरून उठले. आधी बाकीची पाच घरं. रुक्माच्या मडक्यात काही नाही. लखूच्या खुराड्यात पीससुद्धा नाही. केशरकडे तूप कसलं, तुपाचा गडूही नाही. जे काही होतं ते सकाळीच निघून गेलं होतं. पाचही नावं कायम झाली. लखू तर इतका हरखला की परत येताना कुठला पाय लंगडायचा हेच विसरला. पण यशवंतराव तेव्हा पोट सांभाळण्यात होते.

मग त्यांनी पारूचं घर पाहिलं. कणगी रिकामी, हंडा रिकामा. ओसरीवर बसून त्यांनी वही उघडली.

"घरात काही नाही, हे बरोबर आहे. पण हे 'दृष्टी नाही' कुणी लिहिलं?"

नागूचा हात कांबळ्याकडे गेला.

"ह्यांना दृष्टी नाही? लाडूचं तूप संपलेलं ह्यांना अंगणाच्या त्या टोकावरून दिसलं! एक शीत सांडलं नाही पंगतीत. माझ्या घरी दोन डोळ्यांच्या दोन सुना आहेत, त्यांना नाही हे जमत."

आणि टाकाचा आवाज आला. एक लांब, सरळ रेघ. अक्षर असतं तर टाक वर गेला असता, खाली आला असता. पारूला न बघताही कळलं. नाव काटलं गेलं होतं.

"सायब, न्हाई वो!" रुक्मा पुढे झाली. "खरंच दिसत न्हाई तिला. आवाजावरनं वळखती मला. मी गप बसले तर मी हाय का न्हाई त्येबी तिला कळत न्हाई."

"तू गप बसलीस कवा?" लखू म्हणाला.

"धडधाकट माणसानं धर्मादाय खायचा नाही," यशवंतराव म्हणाले. "कामावर यायचं."

"रस्ता खणाय? तिनं?" नागूचा आवाज चिरकला.

"रस्ता कोण म्हणतंय? कामावरच्या पोरांसाठी चूल आहे. ऐंशी पोरं. रांधणारी बाई पळून गेली, आणि आता जो रांधतो तो रोज पेज करपवतो. ह्या बाईंच्या हाताला चव आहे. रोजचं एक शेर धान्य, आणि जेवण तिथंच. पण अर्थात," त्यांनी वही मिटता मिटता थांबवली, "खरोखरच दिसत नसेल तर चुलीपाशी ठेवता यायचं नाही. मग फेरतपासणी. महिना दीड महिना लागेल."

"तेच म्हणतोय आमी!" लखू ओरडला. "ठार आंधळी हाय!"

पारू बोटांवर मोजत होती. रोजचा अर्धा शेर, तोही दीड महिन्यानंतर, मिळाला तर. रोजचा एक शेर, उद्यापासून, वर जेवण. एवढा हिशेब करायला डोळे लागत नाहीत.

"कोण म्हणतंय मला दिसत न्हाई?" ती ताडकन म्हणाली.

"वैनी!" नागू म्हणाला.

"तुमी गप बसा, भावजी. आन् लखू, त्वांड मीट. माशी जाईल आत."

लखूने दचकून तोंड मिटलं. पण यशवंतरावांनी आयुष्यभर तपासण्याच केल्या होत्या. बोलता बोलता मत बदलणाऱ्या माणसाकडे ते नीट बघत. त्यांनी एक हात उंच धरला. "असं? मग माझ्या हातात काय आहे सांगा."

रुक्माने डोळेच मिटून घेतले. पारूच्या समोर नुसता धूर होता. पण वहीवरचा टाक थांबला ते तिने ऐकलं होतं, आणि दौतीचं झाकण अजून लागलेलं तिने ऐकलं नव्हतं.

"काय असायचं? टाक हाय," ती म्हणाली. "शाई वाळायच्या आत नाव लिवून टाका."

यशवंतरावांनी हात खाली घेतला आणि लिहिलं. या वेळी टाक वर गेला, खाली आला, वळला. पारूने शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकून घेतलं.

निघायची वेळ झाली. बारीच्या घराने पाहुण्याला वाटेपर्यंत पोहोचवायचं असतं. लाडूने तट्टू अंगणात आणलं, यशवंतराव चूळ भरायला पन्हाळीकडे गेले. नाल वाजल्याचा आवाज आला तशी पारू दोन पावलं पुढे झाली, पदर सारखा केला, आणि तट्टाला कमरेतून वाकून, दोन्ही हात जोडून, चांगला सावकाश नमस्कार केला. तट्टाने एक कान हलवला.

रुक्माने धावत येऊन तिला खांद्याला धरलं आणि हळूच अर्ध्याने वळवलं. "आक्का, हिकडं," ती दातांतून म्हणाली.

पारूने पुन्हा हात जोडले. यशवंतराव मिशा पुसत समोर उभे होते.

"दोन दोन नमस्कार कशाला, बाई?"

"पयला सरकारला हुता, सायब," पारू म्हणाली. "ह्यो तुमाला."