पहिली टाकून द्यायची

प्रल्हादने ताटातली भाजी नुसती उलटीपालटी केली आणि चमचा ताटावर आपटला.

"ही भाजी आहे की शिक्षा?"

"भोपळा आहे," विनया म्हणाली.

"मीठ कुठंय?"

"डॉक्टरांनी नाही म्हटलंय."

नायगावच्या त्या फ्लॅटमध्ये हा तमाशा रोज दोन्ही जेवणांना व्हायचा. प्रल्हादचं ब्लड प्रेशर गोळ्यांना जुमानत नव्हतं, आणि किडनीच्या डॉक्टर अक्षया यांचं ठाम मत होतं की पेशंट चोरून मीठ खातो. विनयाचंही तेच मत होतं. प्रल्हादला खरा संताप त्याचाच होता. इतकी वर्षं संसार केला आणि बायको विश्वास ठेवते कुणावर, तर त्या डॉक्टरणीवर! शिवाय विनया एकदाच, सगळ्यांसाठी स्वयंपाक करायची. त्यामुळे नंदाखालहून राहायला आलेले तिचे वडील तुळशीदासही शेजारी बसून तोच भोपळा खाली मान घालून जेवत होते. केळीच्या वाडीत हयात गेलेला माणूस. लेकीच्या घरी जेवणाला नावं ठेवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

शेवटी डॉक्टरच वैतागल्या होत्या. "वाद कशाला? चोवीस तासांची लघवी तपासू. जास्तीचं मीठ किडनी बाहेर काढत असते. तुम्ही खोटं बोलाल, ती नाही बोलणार."

"तपासा! रिपोर्ट चांगला आला तर मला लोणचं पाहिजे. आणि माफी!"

"माझी पण?" विनयाने विचारलं.

"तुझी आधी!"

माणिकपूरच्या लॅबमध्ये त्याला एक-दोन असे नंबर घातलेल्या दोन मोठ्या बाटल्या मिळाल्या. काउंटरवरची रिटा नियम सांगायला लागली, "सर, लघवी..." तोच प्रल्हाद खेकसला, "हळू बोला हो!" मागच्या खुर्चीवर सोसायटीचे सेक्रेटरी बसले होते. बिचारी रिटा कुजबुजली, "सकाळची पहिली टाकून द्यायची. नंतरची सगळी जमा करायची आणि फ्रिजमध्ये ठेवायची."

आपल्या लोकांचं हे एक डोकं फिरवणारं सोवळं आहे. जे केल्याशिवाय एक दिवस जात नाही, त्याचं नाव घ्यायला जीभ अडते. प्रल्हादने विनयाला नियम सांगितले ते नाव गाळून, आणि विनयाने वडिलांना सांगितले ते तर फरशीकडे बघत. "बाबा, फ्रिजमध्ये यांची... ती आहे. तपासणीची. पहिली टाकून द्यायची असते, बाकीची ठेवायची."

तुळशीदासांनी समजल्यासारखी मान हलवली.

तर ज्या रविवारी तो चमचा आपटला, तो तपासणीचाच दिवस. दुपारपर्यंत एक बाटली भरून दुसरी सुरू झाली होती. "डोकं थंड करून येतो," असं ओरडून प्रल्हाद खाली फेरी मारायला गेला. विनया आत जरा आडवी झाली. तुळशीदासांनी पाण्यासाठी फ्रिज उघडला तर समोर एक गच्च भरलेली बाटली आणि मागे एक जेमतेम तळ झाकलेली. पहिली अजून तशीच! जावई रागावून गेलाय, लेक दमून पडलीय, निदान एवढं काम तरी आपण उरकावं असं त्यांच्या मनात आलं.

विनया उठून बाहेर आली तेव्हा ते बाल्कनीत मग घेऊन उभे होते.

"बाबा, काय करताय?"

"पहिली टाकली. पण वाया कशाला घालवायची? पाणी मिसळून मोगऱ्याला दिली. बघ कसा फुलतो आता!"

विनयाने रिकामी बाटली बघितली आणि कपाळाला हात लावला. "अहो, पहिली बाटली नाही! पहिली म्हणजे... सकाळची! ती!"

"मग नाव घेऊन सांगायचं की!"

"कसं घेऊ? वडील ना तुम्ही माझे!"

तुळशीदास वरमले. "आता गं?"

"आता काय! हे घर डोक्यावर घेतील. पुन्हा तपासणी, पुन्हा डॉक्टरांची वेळ, आणि तोवर पुन्हा भोपळा."

भोपळा म्हटल्यावर तुळशीदासांनी तिच्या हातातली बाटली काढून घेतली. "आण इकडे. मी भरतो."

"बाबा, असं कसं चालेल?"

"का नाही? झाड कधी विचारतं का, कोणाचं म्हणून?"

"लॅब विचारते!" विनया म्हणाली, पण तोवर बाथरूमची कडी लागली होती.

तांब्यांमागून तांबे पाणी पिऊन तुळशीदासांनी ते काम तडीस नेलं. प्रल्हाद घरी आला तो चक्क शीळ घालत. निवलेला राग पुन्हा कशाला पेटवायचा, म्हणून विनया गप्प बसली.

रिपोर्ट घ्यायला डॉक्टरांकडे तिघंही गेले, कारण तिथूनच तुळशीदासांना नंदाखालला सोडायचं होतं. डॉक्टरांनी कागद वाचला. "प्रल्हादराव, मीठ भरपूर आहे."

"शक्यच नाही!" प्रल्हाद उसळून उभा राहिला. "बाटल्या बदलल्यात! ही माझी लघवीच नाही!" आवाज एवढा चढला की बाहेर बसलेल्या पेशंटांनी माना वळवल्या. "त्या काउंटरवरच्या पोरीची नोकरी घालवतो बघा! आणि तू गं, गप्प का? तुला तर आनंदच झाला असेल!"

रिटाची नोकरी ऐकून विनयाला राहवेना. "अहो, तिचा काही दोष नाही. पहिली बाटली बाबांची होती." तिने सगळं सांगून टाकलं.

प्रल्हाद आता दुप्पट भडकला. "म्हणजे चोरून खारी सुकी मासळी खायची यांनी आणि चोर ठरायचं मी? या वयात जिभेवर ताबा नाही? माफी मागा, दोघांनी! इथेच, डॉक्टरांसमोर!"

तुळशीदासांची मान खाली गेली. विनयाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "दोन बाटल्यांचा रंग अगदीच वेगळा होता, म्हणून लॅबने मला फोन केला होता. मी दोन्ही वेगवेगळ्या तपासायला सांगितल्या. पहिलीत मीठ अगदी कमी आहे. जे आहे ते सगळं दुसरीत."

प्रल्हाद हळूच खुर्चीत बसला.

"दोन वडापाव," तो पुटपुटला. "आणि मिठातल्या मिरच्या. त्याला काय खाणं म्हणतात?"

विनया त्याच्याकडे बघतच राहिली. पण उठले ते तुळशीदास. त्यांच्या आवाजातला तो राग विनयाने जन्मात कधी ऐकला नव्हता.

"जावईबापू, तुम्ही बोललात त्याचं मला काही नाही. पण एकट्याला अळणी खावं लागू नये म्हणून मी रोज तुमच्या शेजारी बसून तो भोपळा गिळला. आणि तुम्ही खाली जाऊन वडापाव खाऊन आलात? एकटे?"

विनयाने डोळे पुसले आणि पर्स उचलली. "चला बाबा," ती म्हणाली, "आपण वडापाव खाऊ. तुमचा रिपोर्ट चांगला आलाय."