पहिली रांग, उजवी बाजू

सासूबाईंना एक भिंत बघायची होती, बाकी काही नाही. पण ती दिसते फक्त पाण्यातून, आणि बोट तिच्यासमोरून मिनिटभरात निघून जाते. म्हणजे बोटीत कुठे बसायचं हे कोणीतरी आधी ठरवायला हवं होतं. "जागांचं मी बघते," असं धाकटी सून जेवता जेवता बोलून गेली. तोंडात घास असताना माणसानं कुठलीही जबाबदारी घेऊ नये, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

कालव्याच्या काठावर सूत रंगवायचा एक कारखाना होता. सासूबाईंची बावीस वर्षं तिथे गेली. कारखाना बंद झाला त्या दिवशी कामावरच्या बायका सूत धुवायच्या पायऱ्यांवर उतरल्या, रंगाच्या बादल्यांत हात बुडवले आणि मागच्या भिंतीवर ठसे उमटवून घरी गेल्या. पुढे फाटकाला कुलूप लागलं, आणि ती भिंत फक्त बोटीतल्या लोकांसाठी उरली. आता पुढच्या आठवड्यात सगळंच पाडणार असल्याची नोटीस लागली होती. "आमचे हात आहेत त्या भिंतीवर, एकदा बघून येऊ," एवढंच सासूबाई म्हणाल्या. ज्या बाईनं आजवर स्वतःसाठी दुसरी पोळीसुद्धा मागून घेतली नव्हती, तिनं हे मागितलं. त्यामुळे बाकी सगळ्यांचे घास हातातच राहिले, आणि तेवढ्यात धाकटी बोलली.

धाकटीला हे काम का हवं होतं, तेही सांगितलं पाहिजे. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि तिच्या नावावर अजून एकही धड कामगिरी नव्हती. गॅस तपासायला आलेल्या माणसाला तिनं ओळखपत्र दाखवल्याशिवाय दारात पाऊल टाकू दिलं नव्हतं, हे खरं. पण तो गॅसवाला नसून नवऱ्याचा सख्खा मामा होता, आणि हातात होती ती मिठाई होती. (मामा बिचारे अर्धा तास जिन्यात बसले. परत आले नाहीत.)

तिचा स्वभावच संशयी होता, आणि कामानं त्यात भर घातली होती. ती शिक्क्यांच्या दुकानात रबरावर अक्षरं कोरायची. शिक्का करून घ्यायला येणारा माणूस कितीही सभ्य दिसला तरी त्याच्याकडे आधी कागदपत्रं मागायची, हा दुकानाचा नियम. तीन वर्षं दिवसभर हेच केल्यावर माणसाला घरी आलेला पाहुणासुद्धा खोटा मुख्याध्यापक वाटू लागतो.

तर जागांचा प्रश्न. पहिला सल्ला मोठ्या जाऊबाईंनी दिला. लॅबमधल्या लोकांबरोबर त्या गेल्या वर्षी हीच फेरी करून आल्या होत्या. मटार सोलता सोलता, मान वर न करता त्या म्हणाल्या, की डावीकडे बसा, सगळं डावीकडेच आहे.

धाकटीच्या मनात लगेच पाल चुकचुकली. मान वर का केली नाही? आणि विचारल्याशिवाय सांगितलं कशाला? जाऊबाई लॅबमध्ये रक्त काढायचं काम करत. सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली, समोरच्याला पत्ता लागत नाही, अशी त्यांची ख्याती होती. असा हात ज्या बाईचा आहे ती काय काय करू शकेल, याचा धाकटी अधूनमधून विचार करत असे.

दुसऱ्या दिवशी ती धक्क्यावरच्या तिकिटाच्या खिडकीशी गेली. आत स्वेटर घातलेला एक शांत माणूस थर्मासमधून चहा ओतत होता. त्यानं सांगितलं, की बोट गोल फेरी मारते, गेलेल्या वाटेनं परत येत नाही, कारखान्याची भिंत एकदाच लागते आणि ती डावीकडे. सगळे डावीकडच्याच जागा मागतात. पण अजून आहेत शिल्लक.

सगळे मागतात, तर मग शिल्लक कशा? तिनं तसं विचारलंही. खिडकीवाला म्हणाला, की आज मंगळवार आहे. हे काही उत्तर झालं नाही, असं धाकटीचं मत पडलं. शिवाय जाऊबाई म्हणतात डावी, हाही म्हणतो डावी. एकमेकांना न ओळखणारी दोन माणसं शब्दशः एकच गोष्ट सांगतात, याचा अर्थ ती एकमेकांना ओळखतात.

रात्री तिनं हे नवऱ्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, की कदाचित भिंत डावीकडे असेल. (नवरा फार भोळा आहे. त्याच्याकडून शिक्का बनवायच्या आत कोणीही सही करून घेईल.)

शेवटी तिनं दोन दिवस अर्धी रजा टाकली आणि वही घेऊन कारखान्याजवळच्या पुलावर जाऊन उभी राहिली. वरून उघडी बोट तिच्या पायाखालून पुढे जाई तेव्हा ती पाठमोऱ्या प्रवाशांकडे टक लावून बघे. वळण आलं की डावीकडचे सगळे मोबाईल वर करत, आणि उजवीकडचे डावीकडच्यांच्या डोक्यांकडे बघत. पाच बोटी पाहिल्या, पाचही वेळा तेच. म्हणजे भिंत खरंच डावीकडे होती. खिडकीवाला खरं बोलला होता, जाऊबाईही खरं बोलल्या होत्या. धाकटीला जरा ओशाळल्यासारखं झालं, आणि थोडं वाईटही वाटलं.

पण आता सगळं पक्कं करायला हवं होतं. दुकानात परत येऊन, उरलेल्या वेळात, तिनं बोटीचा नकाशा काढला. बारा रांगा, मधून वाट, दोन्हीकडे दोन-दोन खुर्च्या, वरच्या बाजूला बोटीचं तोंड. पहिल्या रांगेतल्या दोन जागा लाल पेन्सिलीनं भरल्या. नकाशा इतका सुबक झाला की दुकानाचे मालकही थांबून बघून गेले.

आता गंमत अशी, की शिक्का कोरताना सगळं उलटं कोरावं लागतं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. तरच कागदावर ते सरळ उमटतं. धाकटीचा हात त्या टेबलावर तीन वर्षं असाच चालत आला होता. ती टेबलाशी बसली, पेन्सिल उचलली, आणि हातानं आपलं नेहमीचं काम केलं. डोळ्यांनी जे डावीकडे पाहिलं होतं ते कागदावर सुबकपणे उजवीकडे गेलं. हाताला वाटलं, उमटेल तेव्हा सरळ होईल.

शुक्रवारी तिनं तो नकाशा तिकिटाच्या खिडकीच्या काचेला लावला आणि लाल जागांवर बोट ठेवलं.

खिडकीवाल्यानं चष्मा पुसला. "बाई, या उजवीकडच्या आहेत."

धाकटी मनात म्हणाली, आला रंगावर. मंगळवारी डावीकडच्या जागा गळ्यात मारत होता. आज मी डावीकडच्याच मागायला आले, तर त्यांना उजवीकडच्या म्हणतोय.

"मी दोन दिवस पुलावर उभी राहून बघितलंय," ती म्हणाली, "आणि हे माझ्या हातानं काढलंय."

"बरोबर आहे. पण तोंड वर धरलं तर ही उजवी बाजू होते. डावीकडच्या देऊ का?"

"मी दाखवतेय त्या द्या."

त्यानं एकदा नकाशाकडे, एकदा तिच्याकडे बघितलं आणि तिकिटं फाडली. पहिल्या रांगेतली दोन आणि त्यांच्या मागची दोन. इतक्या सहज दिली, की तिला त्याचाही संशय आला. घरी जाईपर्यंत तिनं तिकिटं तीनदा उजेडात धरून पाहिली.

रविवारी चौघं बोटीत बसली. सासूबाई खिडकीशी, शेजारी धाकटी, मागे नवरा आणि जाऊबाई. सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती, चष्मा दोनदा पुसला होता आणि हात मांडीवर ठेवून त्या काचेकडे तोंड करून बसल्या होत्या. बोट सुटायच्या आधी बोटवाल्यानं नियम सांगितला, की पूल फार बुटके आहेत, म्हणून बोट चालू असताना कोणीही उभं राहायचं नाही. उभं राहिलेलं दिसलं की मी त्याच क्षणी इंजिन बंद करतो.

बोट निघाली. स्पीकरमधून एक गोड आवाज सांगू लागला, की आता डावीकडे पाहा, जुनी जकातकचेरी. डावीकडे पाहा, घड्याळाचा मनोरा. डावीकडे पाहा, बागेच्या पायऱ्या.

धाकटीनं डावीकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. मग स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं, आणि जेवायचा हात कुठला याची मनातल्या मनात खात्री करून घेतली. उजवीकडच्या काचेबाहेर, हातभर अंतरावर, कालव्याचा करडा दगडी बांध सरकत होता. त्याच्यावर शेवाळ होतं. एका ठिकाणी एक चप्पल अडकलेली होती.

"शेवाळ छान आहे," नवरा मागून म्हणाला. जाऊबाईंनी मोबाईल पर्समध्ये ठेवून दिला, आणि ते जास्त लागलं.

सासूबाई मात्र त्या बांधाकडे मन लावून बघत होत्या, भिंत आता येईल, मग येईल म्हणून. धाकटीला ते बघवेना. मधल्या वाटेपलीकडे, डावीकडच्या पहिल्या खुर्चीवर, कुकरएवढा कॅमेरा गळ्यात अडकवलेले एक गृहस्थ बसले होते. ती त्यांच्याकडे झुकली आणि जागा बदलता का, असं हळूच विचारलं.

त्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "का? त्या जागेत काही बिघाड आहे का?"

नाही, काहीच नाही, उत्तम जागा आहे, ती म्हणाली. मग तुम्ही का सोडताय, त्यांनी विचारलं. तिलाच कोणी असं विचारलं असतं तर तिनंही जागा सोडली नसती. गृहस्थांनी कॅमेरा छातीशी घट्ट धरला आणि पाठ फिरवली.

पुढे पूल दिसू लागला. तिचाच पूल. त्याच्यापलीकडे वळण, वळणावर ती भिंत, आणि मग संपलंच. मोबाईल वर होऊ लागले. पुढे काय झालं ते धाकटीला नीट आठवत नाही. इतरांना आठवतं. पूल मागे पडताच ती ताडकन उभी राहिली, सासूबाईंचा दंड धरला आणि "आई, इकडे या," म्हणत त्यांना मधल्या वाटेत ओढलं.

बोटवाला शब्दाचा पक्का निघाला. त्यानं इंजिन बंद केलं.

ऐन वळणावर बंद पडलेली बोट वळत नाही, हे नंतर सगळ्यांनाच कळलं. ती मिनिटभर विचारात पडल्यासारखी तरंगली, मग हळूच डावीकडे कलत गेली, आणि तिचं तोंड जाऊन रुतलं ते थेट सूत धुवायच्या पायऱ्यांखालच्या गाळात. शेपूट समोरच्या बांधाला टेकलं. कालवा आडवा बंद झाला. इंजिन मागे घेऊन पाहिलं, बांबूनं ढकलून पाहिलं, बोट हलेना. दुसरी बोट येऊन ओढेपर्यंत थांबावं लागेल, असं बोटवाल्यानं जाहीर केलं. तेव्हा पंचेचाळीस माणसांनी एकदम मान वळवून धाकटीकडे पाहिलं.

सासूबाईंनी मात्र पाहिलं नाही. पहिल्या रांगेसमोरच्या काचेत, दहा हातांवर, त्यांची भिंत उभी होती. निळे, पिवळे, जांभळे हात. पाऊसपाण्यानं विटलेले, पण बोटं मोजता येतील इतके स्पष्ट. त्या बघत राहिल्या. ही निळी, ती फार हसायची. ही अर्धीच, हिचं एक बोट मशिनीत गेलं होतं. ही पिवळी. त्यांच्या आवाजात घरी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं.

"आणि तुमचा कुठला, आई?" धाकटीनं घाबरत विचारलं.

"माझा नाही त्यात."

मागून जाऊबाई पुढे वाकल्या.

"मुकादमीणबाई म्हणाली, हात उमटवा," सासूबाई काचेवरची नजर न हलवता सांगू लागल्या. "मला वाटलं, उद्या मालक विचारेल भिंत कोणी खराब केली, आणि पुरावा आपल्याच हाताचा. मी हात पदराखाली लपवला. सगळ्या म्हणत होत्या, अगं ये. मी गेले नाही. या दोघींनी मधे जागा सोडली होती माझ्यासाठी. ती अजून आहे का, तेवढं बघायचं होतं."

निळा हात आणि पिवळा हात यांच्यामध्ये खरोखरच एक रिकामी जागा होती. बरोबर एका पंजाएवढी.

"आहे," धाकटी म्हणाली.

"आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि तिच्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं. "मोठीनं तिकिटं काढली असती तर मिनिटभर दिसली असती. तुझ्यामुळे पोटभर बघतेय."

ओढणारी बोट यायला चाळीस मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ सासूबाई बघत होत्या. दीड वर्षात पहिल्यांदाच धाकटीला आपण या घरात कोणीतरी आहोत असं वाटलं. कॅमेरावाल्या गृहस्थांनी तोंडभर शिव्या पुटपुटल्या, त्याही तिला गोड लागल्या.

धक्क्यावर तोच खिडकीवाला सगळ्यांना हसतमुखानं एकेक कागद वाटत होता. झालेल्या गैरसोयीबद्दल कंपनीतर्फे आणखी एक फेरी मोफत, याच आठवड्यात. सासूबाईंनी आपला कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि उद्याच परत जाऊ म्हणाल्या, सगळ्यांनी मिळून. नवरा आणि जाऊबाई लगेच तयार झाले.

धाकटी तयार झाली नाही. मोफत? कोण देतं मोफत? यात काहीतरी अट असणार, बारीक अक्षरात, आणि ती उद्या ऐन वेळी काढून दाखवणार. तिनं सासूबाईंचा कागद परत मागून घेतला, उजेडात धरला, पुढून वाचला, उलटा करून वाचला. आणि तिचा संशय खरा निघाला. तळाशी, अगदी कोपऱ्यात, पेनानं एक ओळ लिहिलेली होती आणि शाई अजून ओली होती.

पहिल्या रांगेत उजवीकडे बसलेल्या धाकट्या बाई सोडून.