शंभर वॅटचा माणूस

मला तोंडावर ‘शंभर वॅटचा दिवा’ म्हणणारा अख्ख्या सफाळ्यात एकच माणूस आहे, शेजारचे मोरूकाका. हे कौतुक नव्हे. माणसाच्या अंगातून तेवढी ऊब बाहेर पडत असते म्हणे, आणि तिने डोंगरातल्या गुहेची हवा बिघडते.

काका मूळचे एडवणच्या मच्छीमार घरातले. आयुष्य गेलं बोईसरच्या कारखान्यात, थर्मामीटर दुरुस्त करण्यात. रिटायर झाल्यावर लोक देवळाची कमिटी धरतात, यांनी गुहा धरली. दर रविवारी आतलं तापमान आणि ओलावा वहीत उतरवायचा. आत वटवाघळं आहेत. उन्हाळा-पावसाळ्यात हवा जरा फिरली तर ती पिल्लांसकट निघून जातील, ही काकांची धास्ती. सहा वर्षांत एक रविवार चुकलेला नाही.

मी तीनदा सोबत गेलो. तिन्ही वेळा हातात डबा देऊन मला बाहेर बसवलं. “तू आत नको. तू लय तापतोस.” दोन तास डोंगर चढून आलेल्या माणसाला हे ऐकवायचं? घरीही तेच. काकी गेल्यापासून एकटे राहतात, पण मी दारात दिसलो की आधी भिंतीवरचा थर्मामीटर बघणार, मग मला.

यंदा मे महिन्यात पिकनिकवाल्यांनी गुहेच्या तोंडाशी कोंबडी भाजली. काका वही घेऊन थेट पंचायतीत. “चार अंश वाढलं हाय. पोरं झोपलेली असताना घरात कोण जाळ करतं काय?”

तिथला माणूस तक्रारीचा छापील कागद पुढे सरकवत म्हणाला, “चोरीला काय गेलं ते लिहा.”

माझंच डोकं फिरलं. मी भांडायला लागलो, तर काका म्हणे, “तू गप. इथंपण तापतोस.” आता बोला.

पुढे जुलैत काकांचा पाय मुरगळला, नेमका शनिवारी. सहा वर्षांचा क्रम तुटणार म्हणून माणूस रडवेला झालेला. शेवटी नाइलाजाने मला पाठवलं. “श्वास रोखून वाच. दोन मिनटांत बाहेर.” मी श्वास रोखला, आकडे वाचले आणि घेरी येता येता बाहेर पडलो. वटवाघळं जागेवर होती. ते सांगितल्यावर काकांनी मुरगळलेला पाय उशीवर नीट ठेवला. मग म्हणाले, “कपाटावरची वही काढ. लिही.”

कपाटावर दोन वह्या होत्या. मी वरची उघडली. तारीख, तापमान, शेरा. पानंच्या पानं एकच शेरा, ‘एकटाच.’ मधूनच एखाद्या ओळीत अर्धा अंश जास्त, आणि पुढे लाल पेन्सिलने माझं नाव. ‘आला होता.’

“ती नाय,” काका खेकसले. “ती घरची हाय.”

मी वही मिटली, दुसरीत गुहेचे आकडे लिहिले. मग खुर्ची ओढली आणि भिंतीवरच्या थर्मामीटरला अगदी खेटून बसलो.